पंखा पाचवर, पोतं रिकामं

साताऱ्यात शाहूपुरीत दोन घरांच्या मधे छातीएवढी भिंत आहे. अलीकडं फलटणचं माहेर असलेल्या काकू, पलीकडं तासगावचं माहेर असलेल्या वहिनी. वहिनी सांगलीकडच्या, त्यामुळं ‘येतो, जातो, सांगतो’ असंच बोलतात. दोघींचं शेवटी सगळ्या विषयांवर एकमत होतं, पण ते व्हायला वेळ लागतो. संक्रांतीचा आठवडा. अजिंक्यताऱ्यावरनं उतरलेला गारठा अजून अंगणातनं हललेला नाही.

“बघितलंस का गं? आजपण निघाला.”

“काय निघालं ओ?”

“धूर. शेजारच्या गुरुजींच्या न्हाणीतनं. काल धुतलेली गोधडी, आज वास घे तिचा. त्या घरात इतकी वर्षं गोवऱ्या आणि मक्याच्या बुरकुंडांवर बंब तापला, कधी एवढा धूर बघितला न्हवता. आता पोरानं विज्ञान आणलंय घरात.”

“विज्ञान कसलं ओ, पेलेटचा बर्नर हाय तो. मी बघून आलो परवा.”

“कधी गेलीस? मला बोलली न्हाईस ती.”

“हळदीकुंकवाला. बायका सगळ्या हॉलमध्ये वाण उलटंपालटं करून बघत होत्या. स्टीलचे डबे दिलेत, झाकण लागत न्हाई. मी हात धुवायच्या निमित्तानं न्हाणीत.”

“आणि?”

“बंब जुनाच, तांब्याचा. खालची जाळी काढून तिथं लोखंडी डबा बसवलाय. डब्याला बारका पंखा. बाजूनं पेलेट सोडायला नरसाळं, नरसाळ्याला सरकता पत्रा. आणि भिंतीवर रेग्युलेटर, एक ते पाच. काटा पाचवर.”

“कायम?”

“कायम. विचारलं तर म्हणतोय कसा, ‘वहिनी, जेवढा वारा तेवढी आग, जेवढी आग तेवढं पाणी गरम.’”

“इंजिनियर न्हवं का तो?”

“कॉम्प्युटरचा.”

“हां. मग बरोबर.”

“आणि पत्रापण पूर्ण उघडा. भसाभसा पेलेट आत, भसाभसा वारा आत. पोतं आठ दिवसात संपतंय म्हणून सून रडकुंडीला आली. तिनंच सांगितलं मला, हात पुसायला टॉवेल देता देता.”

“पण ते पेलेट करतात तरी कशाचं? मी लांबनं बघितलं, मला आपलं कुत्र्याचं खाणं वाटलं.”

“तसंच दिसतंय. पेन्सिलीएवढं जाड, सहा ते आठ मिलिमीटर. भुसा, शेंगांची टरफलं, सोयाबीनचं भुसकट, बगॅस, काय मिळंल ते वाळवायचं, दळायचं आणि साच्यातनं दाबून काढायचं. डिंक-बिंक लागत न्हाई. दाबताना ते इतकं तापतंय, की लाकडात मुळातच जे लिग्निन असतंय ते मऊ पडतंय आणि गार झालं की घट्ट धरतंय. यातलंच मोठं भावंड म्हणजे ब्रिकेट, मनगटाएवढं. कुपवाडच्या कारखान्यांत त्याला पांढरा कोळसा म्हणतात.”

“तुला गं कसं एवढं ठाऊक?”

“चुलतभाऊ मिरजेच्या एमआयडीसीत बॉयलरवर हाय न्हवं. दिवाळीला आला की दुसरं बोलत न्हाई. आमच्याकडं तासगावात एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी झाली, की द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडतात. आम्ही ते बांधावर पेटवून मोकळं व्हायचो. तो डोक्याला हात लावतोय. म्हणतोय, बांधावर पैसे जाळताय.”

“आमच्या फलटणात हे कधीच ओळखलंय, बरं का. निंबकरांची नारी संस्था 1968 पासनं हाय तिथं. अनिल राजवंशी अमेरिकेत शिकून 1981 ला फलटणात आले, ते तिथंच राहिले. 2022 ला पद्मश्री मिळाली त्यांना. उसाच्या पाचटाचा गॅस करून त्याच्यावर भट्टी चालवायचं काम त्यांनी केलं, तवा तुझा चुलतभाऊ शाळेत असंल.”

“असू दे की ओ.”

“आणि आनंद कर्व्यांची आरती. महर्षी कर्व्यांचे नातू, इरावतीबाईंचे चिरंजीव. त्यांच्या संस्थेला पाचटापासनं कोळसा करायच्या भट्टीसाठी 2002 ला लंडनचं अ‍ॅशडेन पारितोषिक मिळालं. काम कुठलं? फलटणच्या पाचटाचं.”

“बरं, फलटण पुढं. पण पाचटात एक खोड हाय, ती तुमच्या फलटणालापण चुकली न्हाई. राख. लाकडाच्या भुशाच्या पेलेटची राख शंभरात एखादा भागसुद्धा पडत न्हाई. पाचट, भुसकट असलं की कितीतरी जास्त. आणि त्यात पोटॅश असतंय, वाळूचा अंश असतोय. जाळ फार तापला की ती राख वितळती आणि तळाला खडे धरती. भोकं बुजतात. भोकं बुजली की वारा अडला, वारा अडला की धूर.”

“म्हणजे गुरुजींच्या बंबात खडे धरलेत?”

“धरणारच. मी वाकून बघितलं. तळाला काळे काचेसारखे गोळे.”

“वाकून बघितलंस? हळदीकुंकवाच्या साडीत?”

“पदर खोचला की.”

काकूंनी गोधडीची दुसरी बाजू उन्हाला केली आणि भिंतीला नीट टेकल्या. मुद्दा आता रंगात आला होता.

“मला एक सांग. वारा अडला तर धूर, हे कळलं. पण हा तर पाचवर पंखा लावतोय. मग धूर कशाचा?”

“तिथंच तर गंमत हाय. पेलेट पेटतंय तवा आधी त्यातनं वायू निघतोय. डब्याच्या तळाच्या भोकांतनं जाणारा वारा तो वायू काढतोय, आणि वरच्या कडेच्या भोकांतनं येणारा वारा तो जाळतोय. पेलेट भसाभसा पडलं की वायू एवढा निघतोय, की वरच्या वाऱ्याला तो सगळा जाळायला सवडच मिळत न्हाई. न जळलेला तसाच वर. तोच तुमच्या गोधडीवर.”

“आणि वारा जास्त झाला तर?”

“तर जळलेलंपण फुकट. गरम हवा बंबाच्या नळीतनं एवढ्या जोरात सुटती, की तांब्याला चिकटून पाणी तापवायला थांबतच न्हाई. पाणी कोमट आणि कौलावरचं कावळं शेकतंय. मी नळीच्या तोंडाजवळ हात नेला, चटका बसला. पाण्यात हात घातला, गार.”

“बघ बाई.”

“भाऊ म्हणतोय, पत्रा आणि पंखा एकदम हलवायचे न्हाईत. आधी माल कमी करायचा, मग वारा. आणि एक हलवलं की दहा-पंधरा मिनिटं गप बसायचं. आगीला सवय व्हायला वेळ लागतोय. हा काय करतोय, दोन्ही एकदम शेवटाला नेऊन ठेवतोय.”

“बसायचं तर बसायचं, पण बरोबर झालं हे कळायचं कसं? आपण चुलीवर जन्म काढला, आपल्याला जाळ बघून कळायचं.”

“जाळ बघूनच कळतंय. यंत्र नवं आलं म्हणून आग काय नवी आली न्हाई. जाळ लांबलचक, नारिंगी, शेंड्याला काळपट आणि आळसानं डुलतोय, तर वारा कमी किंवा माल जास्त. जाळ आखूड, फुरफुर आवाज करतोय आणि पेटलेले दाणे डब्याबाहेर उडतायत, तर वारा जास्त. उजळ पिवळा, टवटवीत, शेंडा स्वच्छ, म्हणजे जमलं.”

“आणि राख?”

“राख करडी, पिठासारखी पाहिजे. तिच्यात काळे दाणे सापडले तर ते आपले न जळलेले पैसे.”

“अगदी आमचा भाचा सांगत होता तसंच बोललीस.”

“कुठला ओ?”

“मिनेसोटातला. थोरल्या बहिणीचा. तिथं उणे वीस-पंचवीस जातंय. त्यांच्या दिवाणखान्यातच हाय पेलेटची शेगडी, काचेचं दार असलेली. तिकडं 1970 नंतर तेल महाग झालं, तवापासनं लोक याच्या मागं लागले म्हणे. अठरा किलोची पिशवी वरनं ओतायची. आतला मळसूत्री दांडा दाणे थोडे थोडे पुढं ढकलतोय, पेटवतंयपण आपोआप. पंखे दोन. एक आगीला वारा द्यायला, दुसरा खोलीत गरम हवा सोडायला.”

“दोन? म्हणजे खोलीचा पंखा वाढवला तर आगीला धक्का न्हाई.”

“न्हाई. तेच भाचा म्हणाला. लोकांना गरम कमी वाटलं की ते माल वाढवतात. त्यानं उलटं केलं. माल दोन घरं खाली आणला आणि खोलीचा पंखा एक घर वर. शेगडीच्या अंगातली ऊब चिमणीतनं जाण्याआधी खोलीत यायला लागली. पण फार खाली आणलं तर काच काळी पडती. म्हणजे आग उपाशी. मग पुन्हा एक घर वर.”

“काच काळी म्हणजे आपल्या बंबाची नळी काळी.”

“तेच की. तो म्हणतोय, रोज सकाळी काच बघायची, जळायचं भांडं खरवडायचं, आठवड्याला राख उपसायची, दाराची दोरी झिजली का बघायची. दार सैल असलं की चोरवाटेनं वारा शिरतोय आणि मग बटणं कितीपण फिरव, हिशोब जुळत न्हाई. फोनवर अर्धा तास राखेवर बोलला. बायको मागनं म्हणते, मावशी, यांना बंबाच्या गावाला परत घेऊन जा.”

“वीज गेली तर ओ?”

“वीज गेली की बंद. तिथं सहसा जात न्हाई म्हणून चालतंय.”

“आपल्याकडं ‘ऊर्जा’ शेगडी आली होती, ती आठवती का? तिच्या पंख्याला बॅटरी होती, चार्ज करायची.”

“न आठवायला काय झालं. 2006 च्या सुमाराला. बीपी कंपनी आणि बंगळूरची विज्ञान संस्था, दोघांनी मिळून केलेली. वरनं पेलेट भरायचं, पेटवायचं, बाजूच्या बटणानं जाळ कमी-जास्त. महाराष्ट्र-कर्नाटकात घरोघर गेली. लाखांनी खपली. धूर जवळपास न्हाई, भांडी काळी न्हाईत.”

“मग गेली कुठं?”

“शेगडीला काय झालं न्हाई, दाण्याचं झालं. भुसकट आणि बगॅस कारखान्यांना पाहिजे झालं, त्याचे भाव चढले, पेलेटचे चढले. तवर घरोघर गॅस आला. बाईमाणसानं दोन्हीचा हिशोब केला आणि शेगडी माळ्यावर गेली.”

“आता तर आणखीन. 2021 पासनं वीज केंद्रांनीपण कोळशात पेलेट मिसळायचं म्हणून सरकार मागं लागलंय. गुरुजींचा पोरगा मात्र म्हणतोय, पेलेट म्हणजे शेतकऱ्याचा गॅस, फुकटात पडतोय.”

“फुकटात? पोतं काय आभाळातनं पडतंय? थांब, आपण करू हिशोब. सांग, बादलीत पाणी किती?”

“वीस लिटर.”

“नळाचं पाणी आत्ता अठरा अंश धर. अंघोळीला बेचाळीस पुरतंय. म्हणजे चोवीस अंश चढवायचं. वीस गुणिले चोवीस, चारशे ऐंशी. एवढी किलोकॅलरी पाण्यात गेली पाहिजे.”

“बरं.”

“पेलेट किलोला चार हजार देतंय, चांगलं असलं तर. पण दिलेलं सगळं पाण्यात जात न्हाई. बंब नीट लावलेला असला आणि निम्मं पाण्यात गेलं, तर किलोला दोन हजार. म्हणजे एका बादलीला पाव किलो लागलं.”

“आणि पंखा पाचवर असला तर?”

“तर धर शंभरातले तीस पाण्यात. मग किलोला बाराशेच. एका बादलीला चारशे ग्रॅम. पाच माणसांचं घर. एका ठिकाणी सव्वा किलो, दुसऱ्या ठिकाणी दोन किलो. तेच पोतं, तोच बंब, तीच माणसं.”

“बाई गं. काकू, तुम्ही शाळेत शिकवायला पाहिजे होतं.”

“पुढचं ऐक. घरचं सिलिंडर 14.2 किलोचं. गॅसच्या किलोत दहा हजार आठशेच्या वर. म्हणजे सिलिंडरमध्ये दीड लाखाच्या पुढं. गॅस गिझर त्यातलं ऐंशी टक्के पाण्याला देतोय, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. आता तेवढंच काम पेलेटकडनं करून घ्यायचं तर, बंब नीट असला की साठेक किलो लागतील. पंखा पाचवर असला तर शंभर किलो.”

“म्हणजे साठ किलो पेलेटचे पैसे सिलिंडरपेक्षा कमी पडले, तरच घ्यायचं.”

“तरच. आणि बटण नीट लावता आलं तरच. न्हाईतर आपली बुरकुंडं बरी. ती तर खरंच फुकट. कराडकडनं दिराच्या शेतातनं पोतं येतंय.”

“बुरकुंडंपण वाळलेली पाहिजेत ओ. भाऊ म्हणतोय, ओल्या लाकडातली बरीच आग त्याचंच पाणी वाळवण्यात जाती. पेलेटची खरी करामत एवढीच. आत ओल शंभरात दहाच्या आत. म्हणून पोतं न्हाणीत ठेवायचं न्हाई. गुरुजींकडं न्हाणीतच, मोरीच्या शेजारी.”

“झालं.”

“वाफ लागून पोत्याच्या तळाचे दाणे फुगून भुगा झालेत. तो भुगा नरसाळ्यात अडकतोय आणि पोरगा काठीनं ढोसतोय. चांगला दाणा वाकवला की कट्कन मोडतोय. ओला झालेला बोटानं चुरगळतोय. मी चार दाणे आणलेत बघायला. हे बघा.”

“मुठीत? हळदीकुंकवातनं?”

“रुमालात बांधून. वाण म्हणून समजा.”

काकू हसल्या आणि एक दाणा मोडायला गेल्या. तो मोडला नाही, चुरला.

“बघितलंत? आणि अजून एक. न्हाणीची खिडकी बंद. थंडी येती म्हणून वर वर्तमानपत्र चिकटवलंय.”

“हे मात्र वाईट. हे हसण्यावारी न्यायचं न्हाई. अर्धवट जळणातनं जो वायू निघतोय, कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना वास ना रंग. माणूस अंघोळीला बसतंय, गुंगी येती, आणि दार आतनं बंद. खिडकी उघडी पाहिजे, आणि आत कुणी अंघोळ करताना बर्नर चालू नको. आधी तापव, विझव, मग जा.”

“माझ्या सासऱ्यांचं असंच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं म्हणून पेपरात फोटो आला, की यांना इथं थंडी जास्त वाजती. रात्री कोळशाची शेगडी खोलीत पाहिजे म्हणतात, दारं लावून.”

“अजिबात देऊ नकोस. निखारे लाल दिसतात, धूर दिसत न्हाई, म्हणून माणसाला वाटतंय निर्धोक. तेच घातक. त्यांना सांग, काकूंनी सांगितलंय. झोपायच्या आधी शेगडी अंगणात, आणि अंथरुणात गरम पाण्याची पिशवी. आपली घरं मिनेसोटासारखी बांधलेली न्हाईत. कौलांतनं चांदणं दिसतंय. खोली तापवायची म्हटली तर सगळा जिल्हा तापवावा लागंल. माणूस तापवावं, खोली न्हवं.”

“मग गुरुजींकडं सांगायचं कुणी? बर्नर वाईट न्हाई ओ. नीट लावला तर गोवरीपेक्षा चांगला. पत्रा अर्धा, पंखा दोनवर. तळ रोज खरवडायचा, नळी महिन्याला ब्रशनं घासायची. काजळीचा पातळ थरसुद्धा उष्णता अडवतोय. नळीवरचं झाकण थोडं ओढायचं, पण पूर्ण कधीच न्हाई, न्हाईतर धूर न्हाणीत. पोतं वरच्या फळीवर. खिडकी उघडी. एवढंच.”

“एवढंच म्हणतीस, पण तो ऐकणार हाय का? बाप चाळीस वर्षं मास्तर, त्याचं ऐकलं न्हाई.”

“मीच एकदा—”

“थांब. हळू बोल. सून आली बाहेर.”

शेजारच्या परसात गुरुजींची सून राखेचा डबा घेऊन आली, गुलाबाच्या आळ्यात राख टाकली, दोघींकडं बघून हसली आणि आत गेली. वहिनी टाचा उंचावून आळ्याकडं बघत राहिल्या.

“काकू.”

“काय?”

“राख बघा. करडी. पिठासारखी.”

“आणि धूर?”

“बंद झालाय की ओ. मघाशी होता, आता न्हाई.”

“पोरगा किती वाजता जातो कामाला?”

“साडेआठला. मघाशीच गाडी गेली.”

दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या.

“म्हणजे तो असेपर्यंत पाच,” काकू म्हणाल्या, “आणि तो गेला की—”

“दोन. खालचे खडे तीच काढती. परवा तिच्या नखात काजळी होती, मला वाटलं तव्याची. म्हणजे रडकुंडीला आली होती ती पोत्यासाठी न्हवं, नवऱ्यासाठी.”

“आणि मी हिशोब सांगत बसले इथं.”

“आता ऐका. काल संध्याकाळी तो चौकात आमच्या ह्यांना भेटला. म्हणतोय, ‘दादा, मशीन आता सेट झालं. ह्या वेळी पोतं दहा दिवस गेलं. मी म्हणालो न्हवतो?’”

“सांगायचं का त्याला?”

“नको ओ. सांगितलं तर तो कारण शोधायला बसंल आणि परत पाचवर नेईल. खिडकीचं तेवढं मी तिलाच सांगतो.”

“तिलाच सांग. आणि गेल्यासारखं त्या डब्याचं झाकण मला बदलून आण. माझंपण लागत न्हाई.”